पोर्चमध्ये गाडी नेमकी जागेवर लावण्यासाठी लेसर : नवख्यांसाठी पायरीपायरीने

नागपुरात प्लॉटवरच्या घराचा पोर्च एकट्या गाडीचा कधीच नसतो. खिडकीखाली डेझर्ट कूलरचा लोखंडी स्टँड पुढे आलेला असतो, एका बाजूला दोन स्कूटर, कोपऱ्यात पाण्याची मोटर. मागे गेट, आणि गाडी चार बोटं बाहेर राहिली तरी ते लागत नाही. पुढे घ्यावी तर बंपर कूलरला टेकतो, मागे ठेवावी तर गेट अडतं. ही वीतभर जागा रोज अंदाजाने गाठण्याऐवजी छतावरून पडणाऱ्या लाल ठिपक्याने गाठायची, एवढंच लेसर गाइडचं काम. ठिपका डॅशबोर्डवरच्या टिकलीवर आला की ब्रेक.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की असू द्या. लेसर काहीही मोजत नाही. भिंत किती लांब आहे, कूलर कुठे आहे, त्याला ठाऊक नसतं. तुम्ही एकदा ठरवून दिलेली जागा तो रोज दाखवतो. ठरवताना सहा इंचांची चूक झाली असेल तर तीच चूक रोज तंतोतंत करून देतो. म्हणून या कामात निम्मा वेळ गाडीची जागा ठरवण्यात जावा, वायरिंगला उरलेला.

आधी चेंडूचा विचार करा

छताच्या हुकाला दोरी बांधून टेनिसचा चेंडू सोडला आणि तो काचेला टेकला की थांबायचं, ही जुनी युक्ती आजही उत्तम चालते. वीज नको, सेन्सर नको, उन्हाळ्याची भीती नको. पोर्चमधून माणसांची ये-जा नसेल आणि एकच गाडी असेल तर खरं म्हणजे चेंडूच लावा. अडचण इतकीच की गाडी बाहेर गेली की तो चेंडू येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाशी लोंबतो आणि मे महिन्याच्या गरम वाऱ्यात झोके घेतो. माणसं वावरत असतील, दोन गाड्या असतील किंवा रात्री अंधारात गाडी लावायची असेल, तर लेसरचा उपयोग आहे.

भिंतीवर खूण करून तिच्याकडे बघत गाडी लावणं मात्र फसवं. सीट पुढे-मागे झाली किंवा दुसरा कुणी चालवायला बसला की डोळ्याची जागा बदलते आणि खूणही सरकल्यासारखी दिसते. ठिपका प्रत्यक्ष गाडीवर पडतो, त्यामुळे कोणीही कुठूनही पाहिला तरी तो तिथेच असतो.

सामान

तयार संच मिळतात. एका डबीत एक किंवा दोन लेसर, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि ॲडॉप्टर असतो. डबी छताला लावायची, लेसरची बुबुळं बोटांनी वळवायची, काम संपलं. हाताने करायची हौस असेल तर बर्डीवरच्या (सीताबर्डी, नागपूरची मुख्य बाजारपेठ) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पुढचं सामान सुटं मागा:

- लाल लेसर मॉड्यूल, ५ व्होल्टचं, ठिपक्याचं. पितळी नळीतलं, पुढची भिंग फिरवून फोकस होणारं असेल तर बरं.
- पीआयआर सेन्सर (उष्णतेवरून हालचाल ओळखणारा), एचसी-एसआर५०१. पांढऱ्या घुमटाचा.
- ट्रान्झिस्टर बीसी५४७ एक, रेझिस्टर १ किलोओहम एक, कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट एक.
- जुना मोबाइल चार्जर, ५ व्होल्ट १ अँपिअर.
- दोन तारांची बारीक वायर, पीव्हीसी जंक्शन बॉक्स, ६ मिमीच्या प्लास्टिक गट्ट्या आणि स्क्रू.

लेसर घेताना दोन आकडे बघायचे. पहिला मिलिवॉट. लेसरचे डोळ्याला असलेल्या धोक्यानुसार वर्ग पाडलेले असतात. १ मिलिवॉटपर्यंतचा दृश्य लेसर वर्ग २ मध्ये येतो. चुकून डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात मिटते, आणि तेवढ्या वेळापुरता तो सुरक्षित धरतात. १ ते ५ मिलिवॉट म्हणजे वर्ग ३आर. यात जपायला लागतं. सुट्या मॉड्यूलवर बहुधा ५ मिलिवॉट लिहिलेलं असतं, आणि स्वस्त मालात लिहिलेलं आणि असलेलं यांत फरक पडतो. घरात लहान मुलं असतील तर वर्ग २ चा तयार संचच घ्या. खाली सरळ पडणाऱ्या किरणाखाली पोर उभं राहून "लाल लाइट कुठून येतो" म्हणून वर बघणार, हे गृहीतच धरायचं. किचेनवाला हिरवा पॉइंटर तर अजिबात नको. त्याची खरी ताकद विकणाऱ्यालाही माहीत नसते.

दुसरा आकडा तरंगलांबी. बहुतेक लाल मॉड्यूल ६५० नॅनोमीटरची असतात. आपल्या डोळ्याला हा रंग मंद दिसतो. ६३५ ची मिळाली तर तेवढ्याच ताकदीत ठिपका जवळपास दुप्पट उजळ दिसतो. पोर्च तिन्ही बाजूंनी उघडा असेल आणि दुपारी गाडी लावायची असेल तर हा फरक कामाचा. रात्रीपुरतं ६५० पुरे.

पायरी १ : गाडीची जागा ठरवा

या पायरीला घाई करू नका. दोघं जण लागतात. एकाने गाडी अगदी हळू आत आणायची, दुसऱ्याने बाहेर उभं राहून बघायचं. गाडी थांबली की हे सगळं प्रत्यक्ष करून पाहा.

गेट लावा. आपल्याकडे गेट बहुधा आत उघडतं, आणि इथेच गणित चुकतं. दहा फुटी दोन पल्ल्यांच्या गेटचा एक पल्ला पाच फुटांचा. तो बंद होताना कमानीसारखा फिरतो. साडेपाच फूट रुंद गाडी मधोमध उभी असेल तर तिच्या मागच्या कोपऱ्यांपासून गेटच्या रेषेपर्यंत जवळपास साडेचार फूट मोकळे लागतात. पल्ला कोपऱ्याला चाटून जात असेल तर गाडी थोडी एका बाजूला घेऊन दुसरा पल्ला आधी लावता येतो का ते बघा. सरकतं गेट असेल तर ही सगळी कटकट नाही.

मग डिकी पूर्ण उघडा. चारही दारं उघडून माणूस उतरतो का बघा, विशेषतः म्हातारं माणूस. बंपर आणि भिंत यांच्यामधून कुणाला जायचं असेल तर दोन फूट सोडा, नाहीतर एक फूट पुरे. कूलर हिवाळ्यात गच्चीवर किंवा माळ्यावर जातो आणि मार्चमध्ये परत येतो, म्हणून जानेवारीत हे काम करत असाल तर कूलरच्या स्टँडची जागा खडूने आखून मग मोजा.

जागा मनासारखी झाली की हँडब्रेक ओढा आणि पुढच्या दोन्ही चाकांभोवती फरशीवर खडूने रेघ मारा. लेसर लावेपर्यंत हीच तुमची खरी खूण.

पायरी २ : ठिपका गाडीवर कुठे पडावा

गाडी तोंडाने आत येत असेल तर ठिपका आधी बॉनेटवर दिसतो, मग वायपरवर चढतो, काचेतून आत येतो आणि डॅशबोर्डवरून तुमच्याकडे सरकतो. थांबायची जागा डॅशबोर्डवरच ठेवा. बॉनेट चकचकीत असतं, त्यावरून किरण भलतीकडे उडतो, आणि काळ्या-निळ्या रंगावर लाल ठिपका नीट दिसत नाही.

डॅशबोर्डवर मधली किंवा किंचित डावीकडची सपाट जागा निवडा, काचेच्या खालच्या कडेपासून वीतभर आत. स्टिअरिंगच्या समोर नको. गाडी थोडी जास्त पुढे गेली तर ठिपका हातावर, अंगावर येतो. टचस्क्रीनवर नको, एसीच्या जाळीवर नको. मधोमध गणपती असेल तर हातभर बाजूला सरका. पितळी किंवा काचेची मूर्ती किरण नेमका चालवणाऱ्याच्या डोळ्यात फेकू शकते.

पायरी ३ : छतावरची जागा ओळंब्याने काढा

गाडी खडूच्या खुणेवरच उभी हवी. स्टूलवर चढून छताला ओळंब्याची दोरी धरा आणि ओळंबा काचेच्या अगदी वर, निवडलेल्या जागेच्या रेषेत येईपर्यंत सरकवा. काच मध्ये येत असली तरी दोरी सरळ असल्याने काचेवरचा आणि त्याखालचा डॅशबोर्डवरचा बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात. दोरीच्या वरच्या टोकाशी छतावर पेन्सिलने फुली मारा. ओळंबा गवंड्याकडून उसना आणा, किंवा दोरीला जड नट बांधा.

किरण सरळ खालीच का? तिरका लेसर जास्त सोयीचा वाटतो, कारण मग डबी कुठेही लावता येते. पण तिरका किरण गाडीच्या उंचीवर अवलंबून राहतो. किरण ३० अंश तिरका असेल आणि दुसऱ्या गाडीचा डॅशबोर्ड १५ सेंटीमीटर उंच असेल, तर थांबायची जागा जवळपास ९ सेंटीमीटरने बदलते. ४५ अंशांना पूर्ण १५ सेंटीमीटर. सरळ किरणाला उंचीशी देणं-घेणं नसतं. शिवाय समोरून तिरका येणारा किरण काचेतून थेट तोंडावर येऊ शकतो, सरळ किरणाला मध्ये गाडीचं छत आडवं येतं. सनरूफची गाडी असेल तर आतला पडदा ओढून घ्यायची सवय लावा.

आता ड्रिल. स्लॅबमध्ये ६ मिमीचा बिट, सव्वा ते दीड इंच खोल. बिट एकदम अडला आणि किंचाळायला लागला तर खाली सळई लागली, जोर न लावता दोन सेंटीमीटर बाजूला घ्या. दिव्याची किंवा पंख्याची पाइपलाइन स्लॅबमधून कुठून गेली ते आधी बघा. पॉइंटपासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे जाणारी सरळ रेष टाळायची. पीव्हीसी पॅनेलचं किंवा पीओपीचं खोटं छत असेल तर त्याला डबी लावू नका, ते वाऱ्याने हलतं आणि खाली ठिपका नाचतो. आणि दुतर्फी टेपचा मोह नको. एप्रिलमध्ये तापलेल्या स्लॅबखाली टेपचा डिंक पातळ होतो आणि डबी एके दिवशी बॉनेटवर येते.

पायरी ४ : किरण सरळ आहे का, तव्याने तपासा

मॉड्यूल डबीत क्लॅम्पने अर्धवट घट्ट बसवा, म्हणजे हाताने थोडं वळेल. गाडी बाहेर काढा. ठिपका जिथे फरशीवर पडतो तिथे लोखंडी तवा किंवा काळी कढई ठेवा आणि त्यात पाणी घाला. पाणी स्थिर झालं की त्याचा पृष्ठभाग आपोआप समतल असतो, कुठल्याही लेव्हल पट्टीपेक्षा बरा. त्यावरून परावर्तित झालेला अंधूक ठिपका छतावर दिसेल. दिवेलागणीनंतर करा, दिवसा दिसणार नाही. तो ठिपका लेसरच्या तोंडाशी परत आला की किरण अगदी सरळ.

स्टीलचं ताट वापरू नका. पाण्याबरोबर तळही चकाकतो आणि छतावर दोन-तीन ठिपके दिसून गोंधळ होतो. तव्यावर ओणवं होऊन पाण्यात बघू नका, बाजूला उभं राहून छताकडे बघा.

किती चूक चालते? छत अडीच मीटर उंच असेल आणि परत आलेला ठिपका लेसरपासून १० सेंटीमीटरवर पडत असेल, तर किरण साधारण एक अंशाने तिरका आहे आणि डॅशबोर्डच्या उंचीवर तीनेक सेंटीमीटरचा फरक पडतो. एवढं चालून जातं. पुढच्या पायरीत टिकली ठिपक्यावरच चिकटवायची आहे, त्यामुळे हा फरक तिथे आपोआप पोटात जातो. दोन वेगळ्या उंचीच्या गाड्या त्याच जागी लावायच्या असतील तरच जास्त काटेकोर व्हा.

पायरी ५ : वायरिंग

चार्जर घराच्या आत सॉकेटमध्ये राहू द्या आणि पोर्चमध्ये फक्त ५ व्होल्टची वायर न्या. पावसाच्या झोडीत २३० व्होल्ट उघड्यावर नको. लेसरला ३०-४० मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे बारीक वायर दहा-बारा मीटर नेली तरी फरक पडत नाही.

जोडणी अशी. चार्जरचा अधिक सेन्सरच्या व्हीसीसीला (अधिकची पिन) आणि लेसरच्या लाल तारेला. चार्जरचा उणे सेन्सरच्या जीएनडीला (उण्याची पिन) आणि ट्रान्झिस्टरच्या एमिटरला. सेन्सरचं आउट (इशारा देणारी पिन) १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला. लेसरची दुसरी तार (निळी किंवा काळी) कलेक्टरला. बीसी५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कपॅसिटर सेन्सरच्या व्हीसीसी आणि जीएनडीमध्ये, पांढरी पट्टी असलेला पाय जीएनडीला.

सेन्सरच्या पिनांचा क्रम बोर्डागणिक बदलू शकतो. पांढरा घुमट अलगद ओढून काढला की खाली अक्षरं छापलेली दिसतात. वाचून मगच जोडा. लेसर सेन्सरच्या आउटला थेट जोडू नका. ते आउट इशाऱ्यापुरतं असतं, लेसरचा भार त्याला झेपत नाही, मधला ट्रान्झिस्टर त्यासाठीच आहे. दोन लेसर असतील तरी बीसी५४७ ला जमतं, कारण त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. तीन किंवा जास्त असतील तर २एन२२२२ घ्या.

३ व्होल्टचं मॉड्यूल चुकून ५ व्होल्टला लावलं तर ते लगेच विझत नाही. आधी ठिपका पसरट होतो, मग साध्या लाल एलईडीसारखा उजेड उरतो. डायोड जळाल्याची ही खूण. दुरुस्ती नाही, नवं आणायचं.

पायरी ६ : सेन्सर कुठे आणि किती

सेन्सर छताला लेसरशेजारी लावायची पद्धत आहे, पण बाजूच्या भिंतीला, गाडीच्या बॉनेटच्या उंचीपेक्षा थोडा वर लावलात तर जास्त चांगला चालतो. त्याला समोरून आडवी जाणारी हालचाल पटकन कळते, थेट अंगावर येणारी उशिरा. गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांमुळे लेसर लागू नये म्हणून घुमटाचा रस्त्याकडचा अर्धा भाग काळ्या टेपने झाका.

बोर्डावर दोन फिरकी बटणं असतात, एक पल्ल्याचं (किती लांबची हालचाल ओळखायची), एक वेळेचं (लेसर किती वेळ लागलेला राहायचा). वेळ तीन सेकंदांपासून पाच मिनिटांपर्यंत जाते. एक ते दीड मिनिट ठेवा. जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो एच अक्षराच्या बाजूला, म्हणजे हालचाल चालू असेपर्यंत लेसर चालू राहतो. वीज येऊन-जाऊन करते तेव्हा सेन्सरला सावरायला मिनिटभर लागतं आणि तेवढ्यात लेसर उगाच लागतो-विझतो. तो बिघाड नव्हे.

रोज दोन मिनिटं लेसर लागला तर वर्षाला बारा तास होतात. म्हणून टायमर असलेला लेसर वर्षानुवर्षं टिकतो. पोर्चच्या दिव्याच्या स्विचवर जोडलेला आणि रात्रभर विसरलेला टिकत नाही.

पायरी ७ : टिकली

आता गाडी पुन्हा आत आणा, चाकं बरोब्बर खडूच्या रेघांत. ठिपका डॅशबोर्डवर जिथे पडला आहे तिथेच टिकली चिकटवा. आधी टिकली आणि मग त्याप्रमाणे लेसर वळवायचा प्रयत्न करू नका, स्टूलवरून उतरता-चढता संध्याकाळ जाते.

टिकली दोन-अडीच सेंटीमीटरची, पांढरी आणि निस्तेज हवी. रेडियमची चकाकणारी पट्टी लावायचा मोह होतो, पण ती उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणजे छताकडे. तुम्हाला ठिपका उलट मंदच दिसेल. कागदी मास्किंग टेप चाचणीपुरती ठीक. उन्हात तापून ती कडक होते आणि काढताना डाग ठेवते. आठवडाभर जागा बरोबर वाटली की पांढऱ्या कापडाचा किंवा फेल्टचा गोल तुकडा गाडीसाठीच्या दुतर्फी टेपने लावा.

गाडी आणताना ठिपका वायपरवर चढला की क्लचवर या आणि सरपटत पुढे घ्या. ठिपका टिकलीच्या डावीकडे दिसत असेल तर गाडी उजवीकडे गेलेली आहे. तोंडाने आत येताना नियम सोपा : ठिपका जिकडे, स्टिअरिंग तिकडे. मात्र एका ठिपक्यावरून गाडी तिरकी उभी आहे का हे कळत नाही. त्यासाठी रेघेचा लेसर मिळतो. तो गाडीच्या लांबीच्या दिशेने लावला की बॉनेटवरून जाणारी रेघ तिरकेपणा लगेच दाखवते.

रिव्हर्सने लावत असाल तर

फ्लॅट स्कीमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये बहुतेक जण मागे घेऊनच लावतात. तेव्हा नजर आरशात किंवा कॅमेऱ्यात असते, डॅशबोर्डवर कोण बघतंय? इथे छतावरचा ठिपका फारसा कामाचा नाही. मागच्या चाकांसाठी रबरी स्टॉपर फरशीला अँकरने पक्का करा. लेसर वापरायचाच असेल तर रेघेचा, बाजूच्या खांबावर वर लावून फरशीवर गाडीच्या शेजारून सरळ रेघ पाडणारा. आरशात गाडीची कड आणि लाल रेघ समांतर दिसली की गाडी सरळ. दिवसा मात्र पिवळ्या ऑइलपेंटची पट्टी हेच काम फुकटात करते. रेघेचा लेसर अंधाऱ्या तळघरातच शोभतो.

उन्हाळा

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ च्या आसपास तर इथे नेहमीचेच. स्वस्त लेसर मॉड्यूल साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. डायोड तापला की तेवढ्याच करंटला कमी उजेड देतो आणि त्याचं आयुष्यही घटतं. पोर्चला टिनाचं छत असेल तर मॉड्यूल टिनाला चिकटवून लावू नका. अँगलला पट्टी बांधून अर्धा-पाऊण फूट खाली, हवा खेळेल असं ठेवा.

सेन्सरची तक्रार वेगळी आहे. पीआयआर सेन्सर हलणाऱ्या वस्तूच्या आणि मागच्या पार्श्वभूमीच्या तापमानातला फरक बघतो. नवतप्यात (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संध्याकाळी सात वाजता भिंतही ३७-३८ अंशांवर असते आणि माणूसही. सेन्सरला दोघं सारखेच. गाडीच्या काचेतून आतला माणूस तर त्याला कधीच दिसत नाही, तो बघतो तापलेलं बॉनेट आणि टायर. म्हणून हिवाळ्यात गेटपासूनच लागणारा लेसर मे महिन्यात गाडी अर्धी आत आल्यावर लागतो. पल्ल्याचं बटण थोडं वाढवा. त्यानेही भागलं नाही तर गेटला चुंबकाचा रीड स्विच (चुंबक जवळ आला किंवा दूर गेला की चालू-बंद होणारा) लावा. तीन तारांचा घ्या, म्हणजे गेट उघडल्यावर चालू होणारी बाजू निवडता येते. गेट बंद की लेसर बंद, उष्णतेशी संबंध नाही.

कूलर सुरू झाल्यावर लेसर उगाच लागतो, अशीही तक्रार येते. कूलरच्या गार हवेचा झोत सेन्सरसमोरून गेला किंवा पडदा हलला की त्याला हालचाल झाल्यासारखी वाटते. सेन्सर कूलरच्या तोंडासमोर नको.

बिघाड

ठिपका रोज थोडा सरकतो असं वाटत असेल तर आधी स्क्रू आणि क्लॅम्प बघा, मग टिकली. उन्हात टेप सैल होऊन टिकलीच सरकलेली असते, हे जास्त वेळा घडतं.

ठिपका मंद झाला तर लगेच लेसर बदलू नका. भिंगावर कोळ्याचं जाळं आणि धूळ असते. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, लेसर बंद करून.

कोणीच नसताना लागतो : मांजर, कूलर, किंवा चार्जर. हलक्या चार्जरची वीज खडबडीत असते आणि सेन्सर फसतो. कपॅसिटर त्यासाठीच आहे. वायफायचा राउटर सेन्सरच्या शेजारी असेल तर दूर करा.

गाडी बदलली तर लेसरला हात लावू नका. नवी गाडी पायरी १ प्रमाणे उभी करा, खडूने आखा, नवी टिकली लावा. मात्र ४ मीटरच्या आतल्या गाडीनंतर लांब एसयूव्ही आली असेल तर पोर्चमध्ये ती मावते का, हे शोरूममध्ये जाण्याआधीच टेपने मोजलेलं बरं.

विमानतळाच्या जवळच्या वस्त्यांमध्ये एक जास्तीची काळजी. सोनेगाव-सोमलवाड्याकडे विमानं खालून जातात. लेसर तपासताना तो हातात धरून बाहेर आकाशाकडे रोखू नका. वैमानिकाच्या डोळ्यांवर चमक जाते.

सॉकेट नसेल तर

फ्लॅट स्कीममध्ये छत सगळ्यांचं असतं, त्यामुळे सोसायटीला विचारूनच छिद्र पाडा. तिथे सॉकेट बहुधा नसतो. चार एए रिचार्जेबल सेल मालिकेत जोडले की ४.८ व्होल्ट मिळतात, त्यावर हाच सर्किट चालतो. सेन्सर स्वतः दिवसाला दीडेक मिलिअँपिअर-तास खातो आणि दोन वेळा मिनिटभर लागणारा लेसर साधारण तेवढाच. २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल हिशेबाने खूप महिने टिकायला हवेत. प्रत्यक्षात शेजाऱ्याची प्रत्येक गाडी, वॉचमन आणि खेळणारी मुलं सेन्सरला हात दाखवून जातात. दिवसात शंभर वेळा मिनिटभर लागला तर साठेक मिलिअँपिअर-तास जातात आणि सेल महिन्यात संपतात. म्हणून इथे टेपने घुमट जवळजवळ पूर्ण झाका, आपल्या गाडीच्या जागेकडे बोटभर रुंदीची एकच फट ठेवा, आणि वेळ वीस-तीस सेकंदांवर आणा.